थंडीत पुसट होणारे आकडे

तुमच्या दप्तरातला कॅल्क्युलेटर बाहेर काढा आणि त्याचा पडदा थोडा तिरपा करून पाहा. करड्या-हिरवट पार्श्वभूमीवरचे काळे आकडे एका बाजूने ठसठशीत दिसतील, तर दुसऱ्या बाजूने फिकट. आता तोच कॅल्क्युलेटर प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट बांधून पंधरा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवा (बर्फाच्या कप्प्यात नव्हे!) आणि बाहेर काढताच बटणे दाबा. आकडे सावकाश, आळस दिल्यासारखे उमटतील. काही कॅल्क्युलेटरांत ते फिकेही वाटतील. असे का होते? हा प्रश्न मला पुस्तकाने नव्हे, तर निफाड तालुक्यातील एका द्राक्षबागेने विचारला.

नाशिककरांना थंडीचे कौतुक सांगायला नको. निफाडजवळच्या कुंदेवाडी येथील गहू संशोधन केंद्रातील तापमापीचा पारा डिसेंबर-जानेवारीत कित्येकदा पाच अंशांच्या खाली उतरतो आणि दुसऱ्या दिवशी तो आकडा वर्तमानपत्रात झळकतो. शहरातल्या माणसाला त्याची मौज वाटते. द्राक्ष बागाईतदाराची मात्र झोप उडते. पारा फार उतरला की मण्यांची फुगवण थांबते, पक्व होत आलेल्या मण्यांना तडे जातात. म्हणून पहाटे बागेत जागोजागी शेकोट्या पेटवून धूर करायचा, ठिबकमधून विहिरीचे कोमट पाणी सोडायचे, अशी धावपळ चालते. शेकोटी केव्हा पेटवायची, हे ठरवण्यासाठी बागेतले तापमान कळायला हवे आणि तेही पहाटे चार-पाच वाजता.

आमच्या पदवीच्या पहिल्या वर्षातील एका विद्यार्थ्याची अशी बाग आहे. त्याने आर्डुइनो उनो या छोट्या मायक्रोकंट्रोलर पट्टीवर एक तापमापी बनवली. तापमान मोजणारा संवेदक लांब वायरीने वेलींत टांगलेला, आणि सोळा अक्षरांच्या दोन ओळी दाखवणारा नेहमीचा डिस्प्ले बांधावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये. प्रयोगशाळेत दुपारी २८ अंश तापमानाला आम्ही सगळ्यांनी मिळून यंत्र तपासले. आकडे कसे छापल्यासारखे दिसत होते!

पहिल्याच कडाक्याच्या पहाटे तो बॅटरी घेऊन शेडमध्ये गेला, तर डिस्प्ले कोरा. वायरी हलवून पाहिल्या, पुन्हा सुरू करून पाहिले; काही नाही. त्याचे आजोबा मागे उभे होते. ते म्हणाले, "पोरा, तुझ्या यंत्रालाच थंडी वाजली की रे!" मुलगा वैतागला खरा, पण त्याने काचेवर तळहात घट्ट दाबून धरला. दोन-तीन मिनिटांत बोटांच्या जागी फिकट आकडे दिसू लागले: ४.२. यंत्र बिघडले नव्हतेच. ते आपले काम इमानाने करीत होते, फक्त त्याने लिहिलेले कोणाला वाचता येत नव्हते.

आजोबांचे निदान अचूक होते. ते समजून घेण्यासाठी त्या काचेच्या आत डोकावू.

१८८८ साली प्राग येथील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीड्रिख रायनिट्झर याला कोलेस्टेरिल बेंझोएट या पदार्थाला दोन द्रवणांक असल्याचे आढळले. १४५.५ अंशांना तो वितळून गढूळ द्रव होई आणि १७८.५ अंशांना तो गढूळपणा जाऊन स्वच्छ द्रव होई. मधल्या अवस्थेतला पदार्थ वाहतो द्रवासारखा, पण त्याचे रेणू स्फटिकातल्याप्रमाणे काही एक शिस्त पाळतात. हेच द्रव स्फटिक. या विषयात आपल्या महाराष्ट्राशी नाते असलेले एक मोठे नाव आहे. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांचे भाचे शिवरामकृष्ण चंद्रशेखर हे नागपूर विद्यापीठाचे १९५१ सालचे एम.एस्सी. बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये चकतीच्या आकाराच्या रेणूंचेही द्रव स्फटिक बनतात, हे दाखवून दिले. तोवर असे स्फटिक काडीसारख्या लांबट रेणूंचेच असतात, अशी समजूत होती.

आपल्या डिस्प्लेतले रेणू मात्र काडीसारखेच. दोन काचांमध्ये काही मायक्रोमीटर जाडीचा थर असतो. खालच्या काचेजवळच्या काड्या एका दिशेत, तर वरच्या काचेजवळच्या तिच्याशी काटकोनात. मधल्या काड्या गोल जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे थोड्या थोड्या वळत जातात. दोन्ही बाजूंना ध्रुवण पट्ट्या लावलेल्या असतात. ध्रुवित प्रकाश या जिन्यावरून जाताना ९० अंशांत वळतो आणि पलीकडच्या पट्टीतून सुटतो. पडदा उजळ दिसतो. काचांना व्होल्टता लावली की काड्या उभ्या राहतात, जिना मोडतो, प्रकाश अडतो आणि तेवढा ठिपका काळा दिसतो. शाड्ट आणि हेल्फ्रिख या दोघांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेली ही युक्ती अजूनही साध्या डिस्प्लेत वापरली जाते.

पण काड्या उभ्या राहतात त्या अगदी थोड्या व्होल्टतेला नव्हे. एका ठरावीक मर्यादेपर्यंत त्या जागच्या हलत नाहीत, आणि मर्यादा ओलांडली की झपाट्याने उठतात. या मर्यादेला उंबरठा व्होल्टता म्हणू. सगळी गंमत, आणि सगळी अडचणही, या उंबरठ्यापाशी आहे.

आमच्या डिस्प्लेत बाराशे ऐंशी ठिपके आहेत. प्रत्येकाला स्वतंत्र तार जोडणे अशक्य, म्हणून ठिपक्यांच्या १६ ओळी करून आतला नियंत्रक एकेका ओळीला आळीपाळीने व्होल्टता देतो. यात एक तोटा होतो. ज्या ठिपक्याला काळे व्हायचे नाही, त्याच्यावरही थोडी व्होल्टता पडतेच. किती पडते, ते आपणच काढू. डिस्प्लेला दिलेली पूर्ण व्होल्टता 'व' माना. काळ्या व्हायच्या ठिपक्यावर सोळापैकी एका वेळी पूर्ण 'व' पडते आणि उरलेल्या पंधरा वेळी 'व'चा पाचवा भाग. काळ्या न व्हायच्या ठिपक्यावर एका वेळी 'व'चा तीन-पंचमांश आणि पंधरा वेळी पाचवा भाग. काड्यांना सरासरी कळते ती वर्गांची. म्हणून वर्ग करा, सरासरी घ्या, वर्गमूळ काढा. पहिल्याचे उत्तर येते ०.३१६ व, दुसऱ्याचे ०.२४५ व. ४.५ व्होल्ट दिले, तर काळ्या ठिपक्यावर १.४२ आणि उजळ ठिपक्यावर १.१० व्होल्ट!

आश्चर्य वाटले ना? 'आहे' आणि 'नाही' यांत दुपटी-चौपटीचा फरक नाही. पहिली दुसरीच्या जेमतेम सव्वापट, नेमके सांगायचे तर १.२९ पट आहे. सोळा ओळींसाठी याहून मोठे गुणोत्तर मिळणारच नाही, हे ऑल्ट आणि प्लेश्को यांनी १९७४ मध्ये सिद्ध केले. तेव्हा उंबरठा या दोन आकड्यांच्या चिंचोळ्या फटीत बसवणे भाग आहे. 'व' कमी झाली, तर दोन्ही आकडे उंबरठ्याखाली, आणि डिस्प्ले कोरा. 'व' जास्त झाली, तर दोन्ही वर, आणि अक्षरांच्या जागी काळे चौकोन.

आता थंडीकडे वळू. तापमान वाढले की रेणूंची चुळबुळ वाढते, त्यांची शिस्त सैल होते, आणि काड्यांना जागेवर धरून ठेवणारा ताठरपणा कमी होतो. त्यामुळे उंबरठा खाली येतो. तापमान उतरले की ताठरपणा वाढतो आणि उंबरठा वर जातो. आमच्या डिस्प्लेला २८ अंशांना 'व' सुमारे ४.३ व्होल्ट लागत होती. चार अंशांना जवळजवळ पावणेपाच. म्हणजे दर अंशामागे साधारण १९ मिलिव्होल्ट. प्रयोगशाळेत लावलेले ४.३ व्होल्ट पहाटेच्या उंबरठ्यापर्यंत कसेबसे पोचत होते. शिवाय थंडीत द्रव घट्टही होतो, म्हणून काड्या उठायला वेळ घेतात. फ्रिजमधल्या कॅल्क्युलेटरचा आळस तो हाच.

ही 'व' कमीजास्त करण्याची सोय डिस्प्लेत आहेच. त्याच्या सोळा पायांपैकी तिसरा पाय त्यासाठी असतो. वरची बाजू ५ व्होल्टला बांधलेली. तिसऱ्या पायाची व्होल्टता जितकी, तितकी पाचातून वजा होते. तिसऱ्या पायावर ०.७ व्होल्ट, तर 'व' ४.३. सामान्यतः तेथे दहा किलोओहमचा प्रीसेट लावतात आणि पेचकसाने फिरवून आकडे नीट दिसू लागले की सोडून देतात. घरात हे पुरते. पण मे महिन्यात चाळीस अंशांवर आणि जानेवारीत पाच अंशांखाली जाणाऱ्या शेडमध्ये पेचकस खुंटीला टांगून ठेवावा लागेल! दुपारी ठीक करावे तर पहाटे पुसट, पहाटे ठीक करावे तर दुपारी चौकोन.

त्या मुलाने विचारले, "सर, तापमान तर यंत्राला माहीतच आहे. मग त्यानेच आपला प्रीसेट फिरवला तर?"

प्रश्न लाखाचा होता. पण उनोच्या पायाला फक्त दोनच गोष्टी जमतात: शून्य व्होल्ट किंवा पाच व्होल्ट. ०.७ आणायचे कोठून?

येथे निफाडच्याच मुलांना समजेल असा दाखला देतो. कालव्याला पाणी बारमाही नसते. आवर्तन सुटते, काही दिवस पाणी येते, मग बंद होते. पण शेतकरी ते शेततळ्यात साठवतो आणि ठिबकला रोज सारखे पाणी देतो. तळ्याची पातळी ठरते ती कालवा किती वेळ चालू आणि किती वेळ बंद यावरून. मायक्रोकंट्रोलरही असेच करतो. उनोचा पाय सेकंदाला सुमारे ४९० वेळा चालू-बंद होतो, आणि प्रत्येक फेरीत किती वेळ चालू राहायचे, ते ० ते २५५ या पायऱ्यांत आपण ठरवतो. याला स्पंद-रुंदी नियमन किंवा पी.डब्ल्यू.एम. म्हणतात. ५१ ही पायरी दिली, तर पाचवा भाग वेळ चालू, म्हणजे सरासरी एक व्होल्ट. शेततळ्याच्या जागी धारित्र, म्हणजेच कपॅसिटर, आणि त्यात पाणी हळूहळू सोडणाऱ्या अरुंद पाइपाच्या जागी रोध. बस, इतकेच सामान.

आम्ही घाईने १० किलोओहमचा रोध आणि १० मायक्रोफॅरडचे धारित्र लावले. डिस्प्ले कोराच! पायरी शून्यावर आणली, तरी कोरा. व्होल्टमापीने तिसरा पाय पाहिला, तर तेथे जवळजवळ २.४ व्होल्ट. पायरी शून्य असताना हे व्होल्ट आले कोठून? अर्धा तास आम्ही प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसलो. एक गोष्ट विसरलो होतो. मघाचे पाचवे भाग आठवा. ते पाडण्यासाठी डिस्प्लेच्या आत ५ व्होल्टपासून तिसऱ्या पायापर्यंत रोधांची एक शिडी असते. आमच्यात २.२ किलोओहमचे पाच रोध, एकूण ११ किलोओहम. म्हणजे तिसरा पाय नुसता ऐकणारा नाही, त्यातून विद्युतधारा बाहेर येते आणि आपल्याला ती वाहून न्यावी लागते. वर ११, खाली १० किलोओहम. मधल्या बिंदूची व्होल्टता ५ गुणिले १० भागिले २१, बरोबर २.३८. शेततळ्याला वरून आणखी एक झरा मिळत होता आणि आमचा पाइप तो उपसायला फारच अरुंद होता. व्होल्टता विभाजकाचे हे गणित तुमच्या पाठ्यपुस्तकात आहे. मी ते वर्षानुवर्षे शिकवतो, आणि तरीही फसलो.

मग १ किलोओहम लावला. खोलीत आकडे सुरेख आले. डिस्प्ले पिशवीत बांधून फ्रिजमध्ये ठेवला, तेव्हा पुन्हा फिके. पुन्हा तेच गणित: ५ गुणिले १ भागिले १२, म्हणजे पायरी शून्यावरही तिसरा पाय ०.४२ च्या खाली जात नाही. 'व' फार तर ४.५८. थंडीला हवे पावणेपाच. शेवटी २२० ओहमचा रोध आणि ४७० मायक्रोफॅरडचे धारित्र घेतले. आता तिसरा पाय ०.१ व्होल्टपर्यंत उतरतो, 'व' ४.९ पर्यंत जाते. याहून लहान रोध घेण्याचा मोह मात्र आवरा. उनोचा पाय पाच व्होल्टवर असताना या रोधातून २२ मिलिअँपिअर वाहतात, आणि त्या पायाची अखेरची मर्यादा ४० मिलिअँपिअर आहे. तिच्या जवळ जाऊ नये. धारित्राची ऋण बाजू जमिनीला जोडायची, हेही विसरू नका. चालू-बंद होण्यामुळे येणारी तळ्यातली लाट आता एका व्होल्टच्या शंभराव्या भागाइतकीच उरते, आणि तिने आकडे थरथरत नाहीत.

(बाजारात अधिक थंडी-उष्णतेसाठी बनवलेले डिस्प्ले मिळतात. त्यांना 'व' पाचाहून मोठी लागते, म्हणजे तिसरा पाय शून्याच्याही खाली न्यावा लागतो. तेथे दोन डायोड आणि दोन धारित्रे घेऊन, मोटेने जमिनीखालचे पाणी उपसावे तसा चालू-बंद पायाच्या जोरावर विद्युतभार उपसून ऋण व्होल्टता तयार करतात. आम्हाला त्याची गरज पडली नाही.)

आता राहिला तापमानाचा हिशोब. तिसऱ्या पायाची व्होल्टता एका पायरीने सुमारे १९ मिलिव्होल्ट बदलते. आणि आमच्या डिस्प्लेची गरज दर अंशाला किती बदलते म्हणून सांगितले होते? १९ मिलिव्होल्टच. एक अंश, एक पायरी! २८ अंशांना ३१ ही पायरी लागत होती. म्हणून प्रोग्रॅममधले सूत्र इतके लहान झाले की मुलाला ते चुकीचे वाटू लागले: पायरी = तापमान + ३. चार अंशांना ७, चाळीस अंशांना ४३. हा योगायोग आमच्या डिस्प्लेपुरता आहे, तो जसाच्या तसा उचलू नका. तुमचा डिस्प्ले वेगळा असेल, आतली शिडी वेगळी असेल. एकदा फ्रिजमध्ये गार करून आणि एकदा दुपारच्या उन्हात ठेवून, आकडे सर्वांत छान दिसतात ती पायरी टिपून घ्या. दोन बिंदूंमधून सरळ रेषा काढली की तुमचे सूत्र तयार.

एक चूक मात्र आम्ही वेळीच सुधारली. वेलींत टांगलेला संवेदक सांगतो ते वेलींचे तापमान. पत्र्याची शेड दुपारी बागेपेक्षा कितीतरी तापते. पडद्याला हवे त्याच्या स्वतःच्या काचेचे तापमान. म्हणून तसाच दुसरा संवेदक, डी.एस. १८ बी २०, डिस्प्लेच्या पाठीला चिकटवला. हे संवेदक एकाच तारेवर अनेक जोडता येतात, त्यामुळे उनोचा आणखी पाय खर्ची पडला नाही. आळसावर मात्र उपाय नाही. द्रव घट्ट झाला तो झालाच. म्हणून आकडे दर अर्ध्या सेकंदाऐवजी दोन सेकंदांनी बदलायचे ठरवले, नाहीतर जुन्या आकड्याची सावली नव्यात मिसळते.

पुढच्या कडाक्याच्या पहाटे शेडमध्ये आकडे वाचता आले आणि शेकोट्या वेळेवर पेटल्या. आता यंत्र सुरू केले की धारित्र रिकामे असल्यामुळे तिसरा पाय क्षणभर शून्यावर असतो. पडद्यावर आधी काळे चौकोन येतात, आणि अर्ध्या सेकंदात ते विरून मागून तापमान उमटते. आजोबा म्हणतात, "थांब जरा, ते तोंड धुतंय."